पार्वतीकाकींच्या उंबऱ्यावरची रेघ

आधी पार्वतीकाकींचं नाव लिहितो, बाकीचं मग. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एका वाडीत त्या राहतात. गेल्या पौषात मला हिवताप भरला तेव्हा त्यांनी मला आपल्या ओटीवर अठरा दिवस ठेवून घेतलं. मी त्यांच्या ना नात्याचा, ना गावचा. आमची सरकारी तुकडी पुढे निघून गेली होती आणि मी घोंगडीत कुडकुडत पडलो होतो. त्यांनी काढा पाजला, पेज भरवली, आणि शुद्धीवर आलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "घरी कोन कोन हाय रे तुझ्या?" त्या प्रश्नाने मला रडू आलं होतं, हेही लिहून टाकतो.

घर माझं मंगळवेढ्याकडे. बायको, एक मुलगी, म्हातारी आई. पाचवीत होतो तेव्हा थोरला भाऊ पलटणीत गेला आणि मोटेमागे बैल हाकायला घरात माणूस उरला नाही. तिथेच शाळा सुटली. आता मी धरणाच्या जागा पाहणाऱ्या तुकडीत फळी धरतो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिपाईवरच्या दुर्बिणीतून ओव्हरसियर साहेब बघतात, आणि समोर मी आकडे रंगवलेली उंच लाकडी फळी उभी धरतो. दुर्बिणीत कोणता आकडा दिसतो त्यावरून जमीन किती उंच, किती सखल ते कळतं. लोक म्हणतात या कामाला अक्कल लागत नाही. पण फळी जरा कलली की आकडा खोटा, आणि आकडा खोटा की पुढचं सगळं खोटं. नेमणूक कच्ची, दर तीन महिन्यांनी नवा हुकूम यावा लागतो. तो येईल की नाही या काळजीत माझे तीन महिने जातात.

दुखणं उतरल्यावर मी रजेवर घरी गेलो होतो. शिमगा उलटला आणि पुन्हा हजर होण्याचं पत्र आलं. हा प्रवास त्या दुसऱ्या खेपेचा.

वरंधचा घाट

पुण्याहून भोरमार्गे महाडला एसटी जाते. भोर सुटल्यावर चढाला गाडीचं इंजिन उकळू लागलं. ड्रायव्हरने गाडी थांबवली, झाकण उघडलं, वाफेचा लोट उठला. मग तो मागे वळून म्हणाला, "ज्याच्याकडं पाणी असंल त्यानं थोडं थोडं द्या."

लोकांनी बिनदिक्कत तांबे, बाटल्या पुढे केल्या. माझ्या हातात घरून भरून आणलेली फिरकीच्या झाकणाची बाटली होती, आणि ती देताना माझा हात आखडला. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला गूळ आधी देतात आणि पाणी बघून देतात. शेजारी वरंधचा एक शेतकरी बसला होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो हसला.

"देशावरचं काय पाव्हनं?"

"होय. कसं ओळखलंत?"

"बाटली छातीशी धरलीव ना, तवाच. घाला घाला. फुडं घाटात झरा लागंल, जितकं पाहिजे तितकं भरून घ्या."

खरंच लागला. उन्हाळा तोंडावर असताना कड्याच्या फटीतून बोटाएवढी धार गळत होती आणि कुणी तिच्याजवळ भांडत नव्हतं. मी बाटली भरली, ती ओतली, पुन्हा भरली. उगाचच. मग त्या शेतकऱ्याने सांगितलं, "पावसात ह्यो सगळा डोंगर पांढरा व्हतो पान्यानं. आनि वैशाखात आमच्या बायका कोसभर खाली उतरतात हंडा घेऊन." एवढा पाऊस पडूनही हंडा घेऊन फिरायचं, हे मला नीट कळलं नाही. आमच्याकडे पाऊसच नसतो, म्हणून पाणी नसतं. सरळ हिशेब.

महाड

महाडला मी दोन दिवस होतो. चुन्याची पोती आणि गेरू घ्यायचा होता. खाडीची भरती थेट गावाच्या धक्क्यापर्यंत येते. गलबतांना ती सोयीची, पिणाऱ्यांना नव्हे. उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की खारं पाणी वर चढतं. खाणावळीत चहा घेतला तो मचूळ लागला. मालकाला म्हटलं तर तो म्हणाला, "गाव वाढतंय, विहिरी वाढत नाहीत. नव्या आळीतली माणसं तर विहिरीवर नंबर लावतात हो. तुमचं ते धरण कधी होणार?"

जणू धरण माझ्या पिशवीतच होतं.

चवदार तळ्यावर त्या दिवशी गर्दी होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बायका, कडेवर पोरं. मार्चमध्ये अशी गर्दी दरवर्षी होते हे मला ठाऊक होतं, पाहिली पहिल्यांदा. पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ ओंजळीने पाणी पीत होते. त्यांनी शेजारच्या बाईला "व्हय की गं" म्हटलं आणि माझे कान टवकारले. सोलापूरकडची बोली! मी जवळ जाऊन गाव विचारलं. सांगोल्याचे निघाले, आमच्या शेजारचा तालुका. तीन दिवस प्रवास करून एक ओंजळ पाणी प्यायला आले होते.

"तू काय करतूस हितं?" त्यांनी विचारलं.

मी धरणाचं सांगितलं. डोंगरात पाणी अडवायचं, नळाने खाली आणायचं, महाडच्या एका टेकडीवर टाकी बांधायची, आणि टाकीतून घराघरांत.

"घराघरांत म्हंजी कुणाकुणाच्या?"

"सगळ्यांच्या की, बाबा."

"फळी तू धरतूस," ते म्हणाले, "नळ कुनाच्या दारात लावायचा ते दुसरंच कुनीतरी ठरवनार. तवा तू तिथं अस, एवढंच." मग मिशा पुसून त्यांनी मला मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्या. गावाकडच्या. त्या मी वाडीला पोचेपर्यंत एकेक करून खाल्ल्या.

वाडी

पोलादपूरहून घाटाच्या रस्त्याने एका मोरीपर्यंत, म्हणजे रस्त्याखालच्या लहान पुलापर्यंत, गाडी जाते. तिथून ओढ्याच्या काठाने दीड तास पायी. दोन डोंगरांच्या मधे ओढा अरुंद होतो, तिथे बांध घालायचा. त्याच्या मागे खोरं पसरट आहे: खाली भाताची खाचरं, मग उतारावर घरं, त्यावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि मग रान. एकंदर चौदा घरं. तरणे पुरुष बहुतेक मुंबईला. काकींचे यजमानही गोदीत कामाला. वर्षातून शिमग्याला आणि गणपतीला दिसतात.

काकींनी मला अंगणातच गाठलं. "आलास रे? अंगावर मांस काय नाय चढलं तुझ्या. आई जेवाया घालते का नाय?"

त्या दिवशी तांदळाची भाकरी, कडव्या वालाची आमटी आणि सुकट होती. आमची ज्वारीची भाकरी थापताना आवाज करते, ही उकडीची भाकरी गप्प असते. पौषात तापामुळे मला तिची चव नव्हती. आता चार खाल्ल्या. काकी वाढत राहिल्या.

संध्याकाळी ओव्हरसियर साहेब अंगणात येऊन बसले. पुण्याकडचे, बोलायला मऊ, कामाला कडक. वाडीचे म्हातारे गावकर धाकूबाबाही आले. त्यांनी वीस वर्षं मुंबईत काढली होती आणि बोलताना ती मधूनमधून डोकं वर काढत.

"सायेब, एक बात सांगा. पानी अडवनार तुमी. पन इतकं उंच कशाला? एवढं पानी म्हाडकर पितात काय?"

साहेबांनी काकींच्या कोनाड्यातला लोटा घेतला. "हे बघा. लोट्याच्या तळाशी गाळ बसतो, तेवढं पाणी काढायचंच नाही. नळाचं तोंड त्याच्या वर. मग उन्हाने आटतं, तो एक थर गेला. मधलं उरतं ते महाडने प्यायचं. आज जितकी माणसं आहेत तितक्यांनीच नाही, वीस वर्षांनी असतील त्यांनीसुद्धा. आणि मृग कोरडा गेला तर तेवढे दिवस आणखी. हे सगळं बेरीज करून मग भिंतीची उंची. पाणी उंचावर असलं की पंप लागत नाही. आपल्या वजनाने उतरत उतरत टाकीत जातं."

"म्हंजी आमची पोरं जातात तसंच," धाकूबाबा म्हणाले. "आपल्या वजनानं उतरत उतरत. पोरं गेली, आता पानीबी."

काकी आतून म्हणाल्या, "आनि आमच्या हंड्याला काय?" साहेबांनी लोटा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कामाची सुरुवात एका पक्क्या खुणेपासून करतात. पौषात साहेबांनी ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीत एक मोठा दगड निवडला होता. त्यावर आडवी रेघ आणि खाली बाणाची तीन टोकं छिन्नीने कोरली होती, मी तिच्यात गेरू भरला होता. रिवाजाप्रमाणे नारळ फोडून, हळदकुंकू वाहून काम सुरू केलं होतं. त्या खुणेची उंची वहीत कायमची लिहिलेली; बाकी सगळी उंची तिच्यावरून मोजायची.

आता गेलो तर ओळखू येईना. जाळी तोडून जागा लख्ख झाडलेली, दगडाला शेंदूर, वर लाल फडकं. बाणाची तीन टोकं त्रिशूळासारखी झळकत होती. भोवती शेणाने सारवलेला ओटा.

साहेबांना हसू आलं. "आपल्या खुणेला भक्त मिळाले. दगड तोच ना रे, शिवा?"

"तोच साहेब," मी म्हणालो. माझ्याच हातचा गेरू होता. मी चपला काढल्या, फळी टेकवली, आणि काम पुढे गेलं.

पाण्याची ठरलेली पातळी कुठे भिडते ते शोधत आम्ही खोऱ्याच्या कडेने सरकत होतो. मी फळी घेऊन चढायचो, साहेब हात हलवायचे, वर, वर, थोडं खाली, हां. तिथे दगडावर चुन्याचा ठिपका. ठिपक्याच्या खालचं सगळं पाण्यात जाणार, घर असेल तर उठवणार. सहाव्या दिवशी आम्ही काकींच्या खाचरांपाशी आलो. साहेबांनी हात वर केला. मी बांध चढलो. पुन्हा वर. मी अंगणात आलो. पुन्हा वर. ओटीच्या पायऱ्या. शेवटी साहेबांचा हात थांबला तेव्हा माझी फळी काकींच्या उंबऱ्यावर टेकली होती.

काकी आत चुलीपाशी होत्या. हात पुसत बाहेर आल्या.

"काय रे, उभा का? बस की."

मी वाकून उंबऱ्याच्या कडेला चुन्याचं बोट ओढलं. ज्या ओटीवर मी अठरा दिवस निजलो होतो, ती रेघेच्या खाली होती.

"कसली रेघ ही?"

"मोजमापाची, काकी," मी म्हणालो. धाकूबाबांनी नंतर त्यांना सांगितलं असणार, कारण त्या संध्याकाळी त्यांनी मला वाढलं, पण माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेत होतो. काकी समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाय माझा. त्या देवाला काय वाटलं म्हनून मी इचार करते. त्याचं तर मी सगळं केलं."

"कुठल्या देवाला?"

"तुमच्या. वड्यावरच्या. तुला ताप चढलेला, तू बरळत व्हतास. म्हटलं ह्यांचा देव हाय, ह्यांनी नारळ दिला, ह्यालाच सांगावं. नवस बोलले. पोर बरं झालं तर तुला जिमिनीवर नाय ठेवनार, गुरंढोरं पाय लावतात, वर बसवीन. तू बरा झालास. शिमग्याला मुंबईची समदी आली व्हती, चार जनांनी पहारी लावून उचलला, खाली दगड रचलं, बसवला. केवढा नाचला त्या दिवशी गाव!"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

मी उठून थेट ओढ्यावर गेलो. ओट्याच्या कडेला हात लावून मोजलं: एक हात आणि चार बोटं. मग परत येऊन काकींचा उंबरा ते अंगणाची खालची कड मोजली: तेवढंच, एक हात आणि चार बोटं. मोटेच्या नाड्यावर ज्याचं लहानपण गेलं त्याला एवढा हिशेब पाचवीनंतरही येतो. दगड वर उचलला होता आणि वहीत तो अजून जमिनीवरच होता. त्यामुळे त्याच्यावरून मोजलेल्या आमच्या आकड्यांत अख्खं खोरं होतं त्याहून हातभर खोल दिसत होतं, आणि चुन्याची रेघ हातभर वर चढली होती. काकींनी माझ्यासाठी देव उचलला आणि त्याने पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागलं.

मी लगेच साहेबांकडे पळालो असं लिहिलं तर खोटं होईल. दुपारपर्यंत मी गप्प होतो. "तोच साहेब" हे माझे शब्द होते. सहा दिवसांचं काम माझ्या त्या दोन शब्दांवर उभं होतं, आणि चैत्र संपता माझा नवा हुकूम यायचा होता. मुलीचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. माझी फळी कलली तसे साहेब ओरडले, "सरळ धर! पुन्हा ताप आहे का?"

मी फळी आडवी ठेवली आणि चालत दुर्बिणीपाशी गेलो. काम चालू असताना फळी सोडून येणं हा गुन्हा आहे.

"साहेब, तो दगड हललाय."

"कुठला?"

"खुणेचा. गावाने हातभर उचललाय. मी तोच म्हणालो, तोच आहे, पण वर बसवलाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. "कशावरून? कुणी सांगितलं म्हणून?"

"पौषात मी गुडघे टेकून गेरू भरला होता, साहेब. दगड जमिनीला भिडलेला, करवंदीची मुळं हाताला लागत होती. या खेपेला मी नुसता कमरेत वाकून फळी टेकवली. तेव्हाच कळायला हवं होतं."

ते खाली बसले. वहीची पानं मागे मागे उलटत गेले. मग म्हणाले, "सहा दिवस." आणि पेन्सिल कानावर खोचून उठले.

घाटरस्त्याच्या मोरीवर जुनी खूण आहे, बांधकामातच बसवलेली. ती कुणी उचलू शकत नाही. तिथून पुन्हा पातळी मोजत वाडीपर्यंत यायला आम्हाला दोन दिवस लागले. फरक हातभराचाच निघाला. साहेबांनी जुन्या पानांवर तिरक्या रेघा मारल्या, शेरा लिहिला, सही केली. मी भीत भीत विचारलं, "माझं नाव लिहिलंत?"

"दगड पायापासून तपासायचं काम माझं होतं. मी तुला विचारलं आणि पुढे गेलो. लिहायचं ते माझ्या नावावर लिहिलंय. जा, चुना घे."

वाडीत ही बातमी पोचल्यावर धाकूबाबा काठी आपटत आले. "सायेब, देव खाली उतरवायचा काय? मंग फोकटचा नवस मोडंल, सांगून ठेवतो."

"राहू द्या वर," साहेब म्हणाले. "फक्त आणखी उचलू नका."

नवी खूण आम्ही ओढ्यातल्या मूळ कातळात कोरली. या खेपेला नारळ तिच्यावर फोडला नाही; काकींच्या घरी नेऊन खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

नवी रेघ मी स्वतः मारली. काकींच्या अंगणाच्या खालच्या कडेवर, तुळशीच्या पलीकडे हातभर. मग उंबऱ्यावरचा चुना ओल्या फडक्याने पुसला. तो फटीत गेला होता, नखाने खरवडून काढावा लागला. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता त्या हसतील.

"घर ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "आनि खाचरं?"

खाचरं पाच होती. पाचही रेघेच्या खाली. रेघ खरी होती तरीही खालीच.

"ती जातील, काकी."

"मंग ह्या घरात बसून काय पान्याकडं बघू? तुझं म्हाड पिनार, मी बघनार?"

मी फडकं पिळलं. महाडचा मचूळ चहा मला आठवत होता, विहिरीवर नंबर लावणारी माणसं आठवत होती, आणि समोर काकी होत्या. या दोन्हींची बेरीज कशी करायची ते मला कुणी शिकवलेलं नाही. साहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "जमिनीच्या बदल्यात जमीन मागता येते. पण नोटीस येईल तेव्हा मुदतीत अर्ज करावा लागतो. बरेचजण करत नाहीत. कागद वाचायलाच कुणी नसतं."

वाडीत वाचता येणारे सगळे मुंबईला आहेत.

निघायच्या दिवशी काकींनी मला नाचणीच्या चार भाकऱ्या बांधून दिल्या, मुलीसाठी काजूच्या बिया दिल्या. मी पाया पडलो तेव्हा म्हणाल्या, "बायकोला सांग, मी बोलावलंय. पानी हाय तोवर ये म्हनावं." मग स्वतःच भाकऱ्यांची गाठ पुन्हा आवळू लागल्या, कारण पाणी तर आता जास्तच असणार होतं.

हे लिहितोय तेव्हा मी मंगळवेढ्याला आहे. हुकूम आला, आणखी तीन महिने. धरणाचं अजून कागदावरच आहे; होईल का, कधी, मला ठाऊक नाही. पोलादपूरच्या पोस्टमास्तरांना मी माझा पत्ता लिहून दिला आहे आणि काकींच्या नावे सरकारी लखोटा आला की मला एक कार्ड टाका असं सांगितलं आहे. कार्ड आलं की रजा मिळो न मिळो, मी निघणार. त्यांच्या ओटीवर बसून तो कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवीन, पाच खाचरांचा अर्ज माझ्या या पाचवीच्या अक्षरात लिहीन, आणि तो कचेरीत घेतला जाईपर्यंत तिथून हलणार नाही. पार्वतीकाकी, अठरा दिवसांची फेड एवढ्याने होत नाही हे मला कळतं. पण सुरुवात तिथून करीन.